सात खेचरे आणि एक रोजनिशी

हडपसरच्या गाडीतळावरून शिवाजीनगरकडे निघालेल्या बसमध्ये 'शिमला ऑफिस' असा पुकारा झाला की चार माणसे उठून दाराकडे सरकतात. पुण्यात हे शिमला कुठून आले, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. उत्तर सरकारी दप्तरात आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्याला हलले. लोकांनी त्या इमारतीला शिमला ऑफिस म्हणायला सुरुवात केली आणि पुढे चौकाचे व बसथांब्याचेही तेच नाव पडले.

हे खाते शिमल्याला होते तेव्हा जॉर्ज क्लार्क सिम्प्सन नावाचा एक तरुण इंग्रज हवामानशास्त्रज्ञ तिथे नोकरीला होता. 1910 साली खात्याची परवानगी घेऊन तो कॅप्टन रॉबर्ट स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत सामील झाला. 1912च्या मार्चमध्ये त्याला शिमल्याच्या कामावर परत यावे लागले. नोकरीतली ही एक साधी नोंद. पण तिच्यामुळे अंटार्क्टिकाच्या बर्फावर एका कामगिरीवरचा माणूस बदलला आणि त्या जागी गेलेल्या तरुणाच्या मनावर जन्मभराचे ओझे आले. त्या तरुणाचे नाव ॲप्सली चेरी-गॅरार्ड. ज्यांची वाट पाहून तो रिकाम्या हाताने परतला होता, त्यांचाच शोध घ्यायला आठ महिन्यांनी तो पुन्हा त्याच वाटेने गेला. त्या प्रवासाची त्याने लिहिलेली रोजनिशी, त्याच्या सोबत्यांच्या रोजनिश्या आणि एका गोठलेल्या तंबूत सापडलेले कागद यांच्या आधारे त्या शोधमोहिमेची हकीकत इथे जुळवली आहे.

साधने कोणती?

या घटनेची साधने एकाच वेळी उजेडात आलेली नाहीत. 'स्कॉट्स लास्ट एक्सपिडिशन' हे दोन खंड 1913 साली निघाले. पहिल्या खंडात स्कॉटची रोजनिशी आहे आणि दुसऱ्यात शोधतुकडीचा प्रमुख, नौदलाचा डॉक्टर एडवर्ड ॲटकिन्सन याचे निवेदन. 1922 साली चेरी-गॅरार्डचा 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' हा ग्रंथ आला. त्यात त्याने स्वतःच्या रोजनिशीतले भाग तर दिलेच, पण बॉवर्स, लॅशली या सोबत्यांच्या नोंदीही जागोजाग घातल्या. शोधतुकडीतला नॉर्वेचा तरुण ट्रिग्वे ग्रान याची रोजनिशी इंग्रजीत यायला 1984 साल उजाडले. कॅनडाचा चार्ल्स राईट, ज्याला तो तंबू सर्वप्रथम दिसला, त्याच्या नोंदी 1993 साली छापल्या गेल्या. बाकीची बरीचशी हस्तलिखिते केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. ही संस्था 1920 साली स्थापन करणारा फ्रँक डेबनहॅम हाही याच मोहिमेतला भूगर्भशास्त्रज्ञ.

म्हणजे एकाच दिवसाचे चार-पाच साक्षीदार आहेत. प्रत्येकाने त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लिहिले, आणि दुसरा काय लिहितो आहे हे कोणालाच माहीत नव्हते. इतिहास लिहिणाऱ्याला याहून चांगली सामग्री क्वचितच मिळते.

वाट पाहणारा तरुण

चेरी-गॅरार्डचा जन्म 2 जानेवारी 1886चा. ऑक्सफर्डला त्याने इतिहासाचा अभ्यास केला होता. मोहिमेला त्याने एक हजार पौंड दिले आणि प्राणिशास्त्राचा सहायक म्हणून 24व्या वर्षी तो जहाजावर चढला. त्याची नजर इतकी अधू होती की चष्म्याशिवाय समोरचे धड दिसत नसे, आणि अंटार्क्टिकाच्या थंडीत चष्म्याच्या काचांवर श्वासाचे बर्फ बसे. ताऱ्यांवरून किंवा सूर्यावरून जागा काढण्याची, म्हणजे नौकानयनाची, विद्या त्याला येत नव्हती. हे दोन तपशील लक्षात ठेवायला हवेत.

1911च्या भर हिवाळ्यात एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स या दोघांबरोबर तो एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेला होता. अंधारात, उणे 60 अंश सेल्सिअसपर्यंत उतरणाऱ्या थंडीत ते तिघे पाच आठवडे चालले आणि तीन अंडी घेऊन परतले. विल्सन आणि बॉवर्स त्याला सख्ख्या भावांसारखे झाले ते तिथे. या बॉवर्सची नोकरी मुंबईत तळ असलेल्या रॉयल इंडियन मरीनमधली. ध्रुवाकडे गेलेल्या पाच जणांपैकी आणखी एक, कॅप्टन लॉरेन्स ओट्स, हा इंदूरजवळच्या महूच्या छावणीत घोडदळात होता. भारताच्या मातीची धूळ बुटांवर घेऊन आलेली ही माणसे होती.

स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स हे पाच जण 17 जानेवारी 1912 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचा रोआल्ड आमुन्सेन 14 डिसेंबर 1911 रोजीच तिथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर 17 फेब्रुवारीला इव्हान्स गेला.

त्याच सुमारास हट पॉइंटवरच्या तळावर वेगळीच धावपळ चालू होती. लेफ्टनंट टेडी इव्हान्स, हा दुसरा इव्हान्स, स्कर्व्हीने मरणाच्या दारात होता. त्याचा सोबती टॉम क्रीन एकटा सुमारे 35 मैल चालत आला म्हणून त्याचा जीव वाचला. डॉक्टर ॲटकिन्सनला रुग्णापाशी थांबणे भाग पडले. स्कॉटच्या परतणाऱ्या तुकडीला भेटायला कुत्र्यांच्या गाड्या घेऊन 'वन टन डेपो' या साठ्यापर्यंत कोणाला तरी जायचे होते. राईट हा पक्का दिशादर्शक होता आणि तोच या कामाला योग्य होता. पण सिम्प्सन शिमल्याला परतणार असल्याने हवामानाच्या नोंदींचे काम राईटकडे येणार होते, म्हणून त्याला मोकळे करता आले नाही. चेरी-गॅरार्डला जावे लागले. सोबतीला कुत्र्यांची गाडी हाकणारा रशियन तरुण दिमित्री.

26 फेब्रुवारीला दोघे निघाले. माणसांसाठी 24 दिवसांचे आणि कुत्र्यांसाठी 21 दिवसांचे अन्न बरोबर होते. हट पॉइंटपासून सुमारे 240 किलोमीटरवरच्या डेपोवर ते 3 मार्चच्या रात्री पोहोचले. स्कॉट आलेला नव्हता. डेपोवर कुत्र्यांसाठी वेगळे अन्न ठेवलेले नव्हते. पुढच्या वर्षाच्या कामासाठी कुत्र्यांचा जीव धोक्यात घालू नये, अशी स्कॉटची सूचना त्याला सांगितलेली होती. मुक्कामाच्या सहा दिवसांपैकी चार दिवस हिमवादळाने प्रवास अशक्य केला. 10 मार्चला त्यांनी परतीची वाट धरली. 16 मार्चला ते हट पॉइंटवर आले तेव्हा दोघांचीही प्रकृती ढासळलेली होती.

दोन रोजनिश्या शेजारी ठेवल्यावर

आता 10 मार्च 1912 या एका तारखेला दोन कागद समोरासमोर ठेवू. चेरी-गॅरार्ड डेपो सोडून उत्तरेला निघाला त्या दिवशी स्कॉटची तुकडी माउंट हूपर नावाच्या साठ्यापाशी होती. दोघांमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर. स्कॉट त्या दिवशी लिहितो की आपल्याला तारू शकली असती ती कुत्री बहुधा अयशस्वी ठरली. मीअर्स या कुत्र्यांच्या प्रमुखाचा परतीचा प्रवास वाईट गेला असावा, असाही तर्क तो करतो. कुत्री घेऊन वाट पाहणारा माणूस चेरी-गॅरार्ड आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. आणि स्कॉट जिवंत आहे पण रॉकेलच्या तुटवड्याने, हिमदंशाने आणि थकव्याने दिवसाला दहा-बारा किलोमीटरदेखील चालू शकत नाही, हे चेरी-गॅरार्डला कळायला मार्ग नव्हता. स्कॉट अजून उशिरा येणे अपेक्षित आहे, चिंतेचे कारण नाही, हीच तळावरची समजूत होती.

ओट्स 16 किंवा 17 मार्चला तंबूबाहेर पडला आणि परतला नाही. तारखेबद्दल स्कॉटलाच खात्री नव्हती आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले आहे. उरलेल्या तिघांचा शेवटचा मुक्काम पडला तो वन टन डेपोपासून 11 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 20 किलोमीटरवर. स्कॉटची शेवटची नोंद 29 मार्चची आहे. त्यात आपल्या माणसांच्या कुटुंबीयांकडे पाहा, अशी विनवणी आहे.

27 मार्चला ॲटकिन्सन आणि त्याचा सोबती कीओहेन पायी बाहेर पडले होते. कॉर्नर कॅम्प या साठ्याच्या आसपास जाऊन, थंडीपुढे हार मानून ते परतले. ॲटकिन्सनने तेव्हाच मनाशी धरले की ध्रुवतुकडी संपली.

जिवंत की मृत?

हिवाळा लागला. मोहिमेच्या मुख्य तळावर, केप इव्हान्सच्या घरात, तेरा माणसे उरली. त्यांच्यापुढे एक कठोर प्रश्न होता. लेफ्टनंट कॅम्पबेलची सहा जणांची तुकडी उत्तरेला अडकलेली होती. तिच्याबद्दल काही बातमी नव्हती, पण ती जिवंत असण्याची शक्यता होती. ध्रुवतुकडीच्या पाच जणांबद्दल तशी आशा उरली नव्हती. वसंतात माणसे आणि जनावरे एकाच दिशेला पाठवता येणार होती. जायचे कुठे?

ॲटकिन्सनने हा निर्णय एकट्याने घेतला नाही. सगळ्यांना बसवून त्याने दोन्ही बाजू मांडल्या. कॅम्पबेलची तुकडी समुद्राच्या कडेला होती. हिवाळा काढला असेल तर ती स्वतः चालत येऊ शकेल, नाहीतर जहाज तिला घेऊ शकेल. ध्रुवतुकडीचा मात्र काहीच मागमूस लागला नाही तर ती पोहोचली की नाही, कशाने मेली, कोणाच्या चुकीने मेली, याबद्दल जगात कायमचे तर्क चालत राहतील. दक्षिणेला जायचे ठरले. जवळजवळ एकमताने ठरले.

या निर्णयापाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. ही माणसे कोणाचा जीव वाचवायला निघालेली नव्हती. त्यांना कागद हवे होते. पाच माणसांचे काय झाले हे नेमके कळावे, त्यांच्या घरच्यांना ते सांगता यावे, यासाठी त्यांनी स्वतःचे जीव पणाला लावले. आणि सहा जिवंत सोबत्यांना मदत न पाठवण्याचे ओझेही डोक्यावर घेतले. सुदैवाने ते ओझे लवकरच उतरले. बर्फात खोदलेल्या गुहेत हिवाळा काढून कॅम्पबेलची सहाही माणसे 30 सप्टेंबरला निघाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात धडपणे तळावर आली. शोधतुकडी तेव्हा दक्षिणेच्या वाटेवर होती.

लाल खान, गुलाब, बेगम

या शोधमोहिमेचा भार ज्यांनी ओढला ती सात खेचरे भारतातून आलेली होती. पहिल्या वर्षीची सायबेरियन तट्टे बर्फात रुतत आणि थंडीने खंगत. ते पाहून ओट्सने स्कॉटला हिमालयातल्या खेचरांची सूचना केली. घोडदळातल्या माणसाला जनावराची पारख होती. स्कॉटने भारतातल्या लष्करी अधिकाऱ्यांशी, सर डग्लस हेग यांच्याशी, पत्रव्यवहार केला. भारत सरकारने सात खेचरे नुसती दिली नाहीत, तर बर्फावर चालण्याचे शिक्षण देऊन, त्यांच्या मापाचा सरंजाम, बर्फावर घालायचे पायजोड आणि डोळ्यांवर बांधायच्या झापडीवजा चष्म्यांसकट पाठवली. न्यूझीलंडहून 'टेरा नोव्हा' जहाजाने ती 1912च्या सुरुवातीला केप इव्हान्सला आणली.

त्यांची नावे रोजनिशीत जशीच्या तशी आहेत: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जिथे मैलोगणती एक काडी गवत उगवत नाही, तिथे आयर्लंडचे, कॅनडाचे, नॉर्वेचे लोक ही नावे घेऊन जनावरांना हाका मारत होते. त्या खेचरांना कोणी सांभाळले, कोणी शिकवले, त्या हिंदुस्थानी हातांची नावे मात्र या मोहिमेच्या छापील कागदांत आढळत नाहीत.

खेचरे चालायला मजबूत होती. त्यांची तक्रार एकच होती. ती नेमलेली दाणावैरण नीट खात नसत. त्याऐवजी दोरखंड, कापड, चहाचा चोथा, जे समोर येईल ते चघळत. चेरी-गॅरार्डने हे सगळे मायेने टिपले आहे. हडपसरला घोड्यांची जुनी ओळख आहे. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म इथलाच, आणि घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनवण्याच्या विचारातून 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट इथेच उभी राहिली. जनावर दाण्याला तोंड लावत नाही हे पाहताना माणसाचा जीव कसा वर-खाली होतो, हे इथल्या तबेल्यात काम केलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

29 ऑक्टोबर 1912 रोजी खेचरांची तुकडी केप इव्हान्सहून निघाली. राईट पुढे दिशा दाखवत होता. नेल्सन, ग्रान, लॅशली, क्रीन, विल्यमसन, कीओहेन आणि हूपर एकेक खेचर धरून मागे. ॲटकिन्सन, चेरी-गॅरार्ड आणि दिमित्री कुत्र्यांच्या दोन गाड्या घेऊन दोन-तीन दिवसांनी त्यांच्या मागावर निघाले. एकूण अकरा माणसे. 11 नोव्हेंबरला सगळे वन टन डेपोवर जमले. मार्चमध्ये सहा दिवस वाट पाहिलेल्या त्याच जागी चेरी-गॅरार्ड पुन्हा उभा होता.

12 नोव्हेंबर 1912

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर राईटला वाटेच्या उजवीकडे बर्फात काहीतरी उंचवटा दिसला. जवळ जाऊन पाहतो तो तंबूचे टोक. राईट पुढे सांगतो की त्याला ओरडून हाक मारावीशी वाटली नाही. त्या जागी आवाज करणे त्याला देवळात गोंगाट करण्यासारखे वाटले, म्हणून त्याने हातानेच मागच्यांना खूण केली. चेरी-गॅरार्डच्या रोजनिशीत हाच क्षण मागच्या बाजूने दिसतो. कुत्र्यांच्या गाडीवरून येताना त्याला खेचरांची रांग वाट सोडून उजवीकडे वळलेली दिसली. मग राईट त्याच्याकडे आला आणि तो तंबू असल्याचे त्याने सांगितले. समोर नुसता पांढरा ढीग होता. कोणीतरी वरचे बर्फ झटकले तेव्हा तंबूच्या झरोक्याची हिरवी झडप उघडी पडली.

आत तिघे होते. मधे स्कॉट, दोन्ही बाजूंना विल्सन आणि बॉवर्स. त्या दोघांच्या झोपण्याच्या पिशव्या नीट बंद होत्या, जणू झोपेतच गेले. स्कॉटने आपल्या पिशवीचे पल्ले दूर सारले होते आणि त्याचा एक हात विल्सनवर पडलेला होता. तिघांत शेवटी तोच गेला असावा, असे सगळ्यांनी यावरून मानले. तंबू अगदी नेटका उभारलेला होता. मरणाच्या दारातही त्यांनी काम हलगर्जीपणे केले नव्हते, ही गोष्ट चेरी-गॅरार्डच्या मनाला लागली.

ॲटकिन्सनने प्रत्येकाला तंबूत जाऊन पाहायला लावले. नंतर कोणी शंका घेऊ नये, वाद होऊ नये, यासाठी. विल्यमसनने आपल्या रोजनिशीत स्वच्छ लिहिले की डोळे भरून आले, आणि इतरांचेही आले असणार. स्कॉटच्या खांद्याखालच्या पिशवीत तीन वह्या होत्या. ज्याला ही वही सापडेल त्याने ती वाचावी आणि घरी आणावी, असे त्याने लिहून ठेवले होते. ॲटकिन्सन तंबूत कितीतरी वेळ वाचत बसला. मग सगळ्यांना गोळा करून त्याने ओट्सच्या मृत्यूची हकीकत आणि जगाला उद्देशून लिहिलेले स्कॉटचे निवेदन मोठ्याने वाचून दाखवले.

तंबूत आणखी बरेच काही होते. आमुन्सेनने नॉर्वेच्या राजासाठी ध्रुवावर ठेवलेले पत्र स्कॉटने बरोबर आणले होते. स्वतःच्या पराभवाचा पुरावा त्याने मरेपर्यंत जपला. छायाचित्रांच्या फिती होत्या. डेबनहॅमने त्या तळावर धुतल्या आणि ध्रुवावर उभ्या पाच थकल्या चेहऱ्यांचे छायाचित्र उमटले. विल्सनने वाचायला मागून नेलेले चेरी-गॅरार्डचे टेनिसनचे पुस्तकही होते.

आणि 35 पौंड दगड होते. सुमारे 16 किलो. पाय उचलवत नसतानाही ती माणसे ते ओढत होती. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट सीवर्डने 1914 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेच पान आपल्या विदर्भात, नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत, एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने ते गोळा केले आणि 1861 साली त्यांचे वर्णन छापून आले. अंटार्क्टिका आणि भारत हे एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, त्या खंडाला मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव मिळाले, आणि त्याच्या पुराव्यांपैकी एक पुरावा या तंबूत होता. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा आणि त्या तंबूतले दगड एकाच काळच्या रानांची गोष्ट सांगतात.

तंबूचे बांबू काढून कापड तिघांवर पसरले. वर बर्फाची मोठी रास रचली आणि ग्रानच्या स्कींचा क्रूस त्यावर उभा केला. ग्रानने परतीला स्कॉटच्या स्की पायात घातल्या, निदान त्या तरी प्रवास पूर्ण करतील म्हणून. पुढे अकरा जण ओट्सच्या शोधात आणखी दक्षिणेला गेले. त्याची झोपण्याची पिशवी सापडली. तो सापडला नाही. त्या परिसरात एक रास आणि एक क्रूस उभारून ते परतले.

दोष कोणाचा?

त्या रात्रीपासून चेरी-गॅरार्डच्या आयुष्यात एकच हिशेब सुरू झाला. डेपोपासून 20 किलोमीटरवर तिघे मेले. आपण तिथे सहा दिवस होतो. दक्षिणेला गेलो असतो तर?

कागदांच्या साक्षीने हा हिशेब तपासता येतो. 10 मार्चला स्कॉट शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर होता. कुत्र्यांचे उरलेले अन्न परतीला पुरेल एवढेच होते. पुढे जायचे तर काही कुत्री मारून इतरांना खाऊ घालावी लागली असती, आणि आज्ञा नेमकी उलट होती. दिशा काढता न येणारा, अधू नजरेचा माणूस हिमवादळात एका तंबूएवढ्या ठिपक्याला गाठेल ही शक्यता फार थोडी होती. दोन वाटसरू काही हातांच्या अंतरावरून एकमेकांना न दिसता निघून गेले असते.

हवामानाची साक्षही त्याच्या बाजूने आहे. बॉवर्सने मृत्यूच्या वाटेवरही तापमानाच्या नोंदी चालू ठेवल्या होत्या. सिम्प्सनने त्या आणि बाकीच्या नोंदी तपासून मोहिमेच्या हवामानाचा मोठा अभ्यास लिहिला. तो 1919 ते 1923 या काळात कलकत्त्याहून छापला गेला. त्याचा निष्कर्ष होता की 1912चा मार्च महिना त्या बर्फावर नेहमीपेक्षा बराच कडक होता. आधुनिक स्वयंचलित केंद्रांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांवरून सुझन सॉलोमन या शास्त्रज्ञ बाईंनी 2001 साली हाच निष्कर्ष मांडला. तळावर सुरुवातीला कोणाला चिंता वाटली नाही त्याचे एक कारण हे होते. नेहमीच्या थंडीत स्कॉटने ते अंतर कापले असते.

म्हणून माझा निर्णय असा. त्या मार्चमध्ये चेरी-गॅरार्डच्या हातून कर्तव्यात कसूर झाली नाही. चूक असेल तर ती कितीतरी जणांच्या छोट्या छोट्या निर्णयांत विखुरलेली आहे. कुत्र्यांबद्दल पुन्हा पुन्हा बदललेल्या सूचना, डेपोवर न पोहोचलेले अन्न, रॉकेलचे गळके डबे, एका डॉक्टरला सोडता न आलेला रुग्ण आणि शिमल्याला परत गेलेला एक हवामानशास्त्रज्ञ. यांतला एकही माणूस दुष्ट किंवा आळशी नव्हता.

पण त्या तरुणाने स्वतःला कधी माफ केले नाही. हट पॉइंटजवळच्या निरीक्षण टेकडीवर जानेवारी 1913मध्ये पाच मृतांच्या स्मरणार्थ लाकडी क्रूस उभा केला, त्यावर टेनिसनच्या 'युलिसिस' कवितेतली ओळ कोरावी ही सूचना त्याची. पुढे नैराश्याच्या आजाराने त्याला वारंवार घेरले. 18 मे 1959 रोजी त्याचे निधन झाले. तोपर्यंत तो त्याच सहा दिवसांकडे परत परत जात राहिला.

इथे त्याच्या रोजनिशीचे मोल कळते. आपल्यावर दोष येऊ शकतो हे कळल्यावरही त्याने स्वतःला प्रतिकूल अशी एकही तारीख, एकही अंतर लपवले नाही. किती अन्न होते, किती दिवस थांबलो, काय आज्ञा होती, आपल्याला काय येत नव्हते, सगळे मांडले. आज आपण त्याला निर्दोष म्हणू शकतो ते त्यानेच प्रामाणिकपणे ठेवलेल्या पुराव्यामुळे.

'टेरा नोव्हा' कार्डिफहून 15 जून 1910 रोजी निघाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 7 जुलै 1910 रोजी, इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाडे गावोगाव पायी फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेली दप्तरे त्यांनी सोडवली. मेलेल्या माणसांबद्दल खरे काय ते कळावे म्हणून जिवंत माणसाने केलेली ती पायपीट आणि बर्फावरच्या अकरा जणांची पायपीट मला एकाच जातीची वाटते.

हडपसर, मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर या गावांची शेते आता इमारतींखाली जात आहेत. जुने वाडे पाडले जातात, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जातात. त्यांत आजोबांची रोजनिशी असेल, पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांची पत्रे असतील, विहिरीचा हिशेब असेल. विकण्याआधी एकदा उघडून पाहा. तारीख असलेला एक कागद असला तरी जपून ठेवा, शक्य तर अभिलेखागारात द्या. कोणाच्या तरी माथ्यावरचा खोटा दोष शंभर वर्षांनी उतरवायला तोच कागद लागणार असेल.